सिगारेटच्या कागदावरील डाग

सिगारेटच्या कागदावरील डाग म्हणजे आर्द्रतेमुळे सिगारेटच्या पांढऱ्या वेष्टनकागदावर उमटणारे पिवळसर किंवा तपकिरी ठिपके व पट्टे होत. हा रंग बहुतांशी कागदाचा नसून आतील तंबाखूतून आलेला असतो.

कागदाची रचना

हा कागद लाकडाच्या लगद्यापासून किंवा जवसासारख्या वनस्पतींच्या तंतूंपासून तयार करतात. शुभ्रता, अपारदर्शकता व सच्छिद्रता यांसाठी त्यात कॅल्शियम कार्बोनेट मिसळतात. कागद अतिशय पातळ व सच्छिद्र असल्याने द्रव त्यात सहज पसरतो आणि आतून आलेला डाग बाहेरून लगेच दिसतो.

डाग पडण्याची प्रक्रिया

तंबाखू आर्द्रताशोषी आहे. ती सुकू नये म्हणून मिसळले जाणारे ग्लिसरॉलसारखे पदार्थही पाणी धरून ठेवतात. हवा दमट असल्यास तंबाखूतील पाण्याचे प्रमाण वाढते व तिच्यातील पाण्यात विरघळणारी तपकिरी द्रव्ये सुटी होतात. पान सुकवताना पॉलिफिनॉल वर्गातील संयुगांचे ऑक्सिडीकरण होऊन यांपैकी बरीच द्रव्ये तयार झालेली असतात. तंबाखू जेथे कागदाला चिकटलेली असते, तेथे हे द्रावण केशाकर्षणाने कागदात शिरते. पुढे पाणी उडून जाते, द्रव्ये मात्र तंतूंतच राहतात. म्हणून सिगारेट वाळवल्याने डाग जात नाही. ओल्या भागाच्या कडेला द्रव्ये साचल्यामुळे डागाची कड अनेकदा अधिक गडद दिसते.

थंड जागेतील पाकीट दमट हवेत उघडल्यास सिगारेटवर बाष्प साचूनही असे डाग पडतात. आर्द्रता दीर्घकाळ अधिक राहिल्यास बुरशी वाढते. तिचे डाग करडे, हिरवट किंवा काळपट असून त्यांबरोबर कुबट वास येतो.

प्रतिबंध

पाकिटातील ॲल्युमिनियमचा वर्ख व बाहेरील पारदर्शक प्लॅस्टिकचे आवरण बाष्पाला अडवतात. पाकीट उघडताच हे संरक्षण कमी होते. त्यामुळे कोकणासारख्या किनारी प्रदेशात पावसाळ्यात उघड्या पाकिटातील सिगारेटी लवकर सर्द होतात. चाचणीपूर्वी सिगारेटी ठेवण्यासाठी आयएसओ ३४०२ या आंतरराष्ट्रीय मानकात २२° सेल्सियस तापमान व ६० टक्के सापेक्ष आर्द्रता निश्चित केली आहे.

गैरसमज

या डागांना सरसकट 'निकोटिनचे डाग' म्हटले जाते. वस्तुतः शुद्ध निकोटिन रंगहीन असते. हवेच्या संपर्कात ते तपकिरी होत जाते. डागावरून सिगारेटमधील निकोटिनचे प्रमाण ठरवता येत नाही. तसेच कागद स्वच्छ असणे हे सिगारेट कमी अपायकारक असल्याचे लक्षण नव्हे, कारण मुख्य अपाय तंबाखू जळून होणाऱ्या धुरामुळे होतो.