कूर्चेस जाग आणणारें जनुक

श्रोत्यांनीं आपल्या नाकाच्या शेंड्यास हात लावून पाहावा. बोटांस जो लवचिक पदार्थ लागतो, तीच कूर्चा. मनुष्याच्या हातापायांचा सांगाडा गर्भांत प्रथम हिचाच घडतो. हाड मागाहून येतें. एकसारख्या दिसणाऱ्या पेशी एके ठिकाणीं दाटी करतात आणि त्यांची कूर्चा होते. जनुकें तर सर्व पेशींत तींच. मग याच पेशींत कूर्चेचीं जनुकें कोण जागीं करतें?

केंब्रिज येथें स्ट्रेंजवेज आणि ऑनर फेल यांनीं १९२६ सालीं कोंबडीच्या गर्भाचे अवयवांकुर शरीराबाहेर वाढवून दाखविले. तोडलेल्या अंकुरांतही कूर्चा धरली. हुकूम आंतूनच सुटत होता. देणारा मात्र दिसला नाहीं.

तो पुढें सांपडला, पण दुःखाच्या वाटेनें. क्वचित् एखादें बालक वांकड्या पायांचें जन्मतें. त्याच्या श्वासनलिकेची कूर्चा इतकी मऊ असते कीं, बहुतेक बालकें श्वास कोंडून लवकरच दगावतात. यांतील कित्येक गुणसूत्रांवरून मुलगे, पण देहानें मुली असत! या दुसऱ्या विलक्षण गोष्टीनेंच माग लागला. पुरुषत्व ठरविणारें जनुक १९९० सालीं लंडन येथें हातीं आलें होतें. त्याचेंच एक भावंड, सतराव्या गुणसूत्रावरील ‘सॉक्स-९’, या बालकांत बिघडलेलें असतें, हें १९९४ सालीं केंब्रिज व जर्मनींतील फ्रायबुर्ग येथील संशोधकांनीं स्वतंत्रपणें दाखविलें. दोहोंपैकीं एकच प्रत बिघडली तरी एवढा अनर्थ होतो.

तथापि बिघाड दिसला म्हणून हुकूम देणारा हाच, हें सिद्ध होत नाहीं. ‘सॉक्स-९’ पासून बनणारें प्रथिन कूर्चेतील कोलॅजेनच्या जनुकावर बसून त्यास जागें करतें, हें १९९७ सालीं दिसलें. खरी कसोटी १९९९ ची. अमेरिकेंत ह्यूस्टन येथें द क्रॉम्ब्रुग यांच्या मंडळीनें दोन्ही प्रती नष्ट केलेल्या पेशी उंदराच्या निरोगी गर्भांत मिसळल्या. युक्ति खरोखर नामी! शेजार निरोगी, पोषण तेंच. तरीही त्या पेशींस कूर्चेत शिरकाव मिळाला नाहीं. कूर्चेच्या कडेलाच त्या अडून राहिल्या.

आतां प्रश्न एक पायरी मागें सरकला: ‘सॉक्स-९’ ला कोण उठवितें? २००९ सालीं लहान हनुवटी व दुभंगलेली टाळू असलेल्या कांहीं कुटुंबांची तपासणी झाली. त्यांचें जनुक शाबूत होतें. बिघाड होता तो त्याच सूत्रावर, दहा लाखांहून अधिक अक्षरें दूर.