मुठीतली विद्या

समोरच्याच्या मनातलं ओळखून दाखवणाऱ्या जादूगारांचा, म्हणजे हल्ली ज्यांना मेंटॅलिस्ट म्हणतात त्यांचा, एक आवडता खेळ दगड-कागद-कात्रीवर बेतलेला असतो. प्रेक्षकांतल्या एकाला मंचावर बोलवायचं, एक बंद पाकीट सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टेबलावर ठेवायचं, त्याच्याशी हात खेळायचे आणि शेवटी पाकीट फोडून दाखवायचं की निकाल आधीच लिहून ठेवला होता. घरी जाताना कोणी म्हणतो हातचलाखी आहे, कोणी म्हणतो या माणसाला सिद्धी आहे. सिद्धी म्हणणाऱ्यांना परंपरा आपल्या बाजूने आहे असं वाटतं. ऋषिमुनी मनातलं ओळखत होते, तर आजही कोणी ओळखत असेल. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. मूठ ओळखण्याबद्दल आपल्या परंपरेतला एक फार जुना आणि तपशीलवार पुरावा असं सांगतो की ही विद्या मोजणीची आहे. ती शिकता येते, शिकवता येते, बदल्यात देताही येते. आणि तो पुरावा वऱ्हाडाकडे धावणाऱ्या एका रथात आहे.

तो रथ जिथे चालला होता ते गाव आजच्या नकाशावर सापडतं. अमरावतीजवळची नांदगाव पेठ आज ओळखली जाते ती औद्योगिक वसाहतीमुळे आणि औष्णिक वीज प्रकल्पामुळे. अमरावतीहून नागपूरला जाणारा महामार्ग इथून मोझरी, तिवसा असा पुढे जातो, आणि तिवसा तालुक्यातच वर्धा नदीच्या काठावर कौंडण्यपूर आहे. विदर्भाची जुनी राजधानी कुंडिनपूर ती हीच, असं परंपरा मानते. रुक्मिणीचं माहेर म्हणून हे गाव वारकऱ्यांना ठाऊक असतं. दमयंतीचं माहेर म्हणून त्याची आठवण कमी निघते. महाभारताच्या वनपर्वात राज्य जुगारात घालवून बसलेला नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो, आणि पत्नी दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची खबर आल्यावर राजाला एका दिवसात कुंडिनपुरास पोचवायचं पत्करतो. वाटेत एक बेहड्याचं झाड लागतं. नलाने घोड्यांची करामत दाखवलेली असते, तेव्हा राजालाही आपली दाखवावीशी वाटते. तो रथातूनच सांगतो की समोरच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि २०९५ फळं आहेत. नल मान डोलावत नाही. तो रथ थांबवतो, राजाला उशीर होत असतानाही झाड पाडतो आणि फळं मोजतो. हिशेब तंतोतंत जुळतो. मग तो विचारतो, हे तुम्हाला कळलं कसं? आणि राजा देवाचं, वराचं किंवा दृष्टान्ताचं नाव काढत नाही. मला फाशांचं मर्म ठाऊक आहे आणि मोजणीत मी तरबेज आहे, एवढंच तो सांगतो. नल त्याला अश्वविद्या देऊ करतो, तो नलाला अक्षविद्या देतो.

बेहड्याचं झाड इथे उगाच आलेलं नाही. त्या काळचे फासे हस्तिदंती नव्हते, ठिपक्यांचेही नव्हते. बेहड्याची वाळलेली फळं हेच फासे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं जे प्रसिद्ध सूक्त आहे, त्यातले फासे याच फळांचे. हेच फळ आपण आजही त्रिफळा चूर्णात खातो आणि मेळघाटच्या जंगलात त्याची झाडं उभी आहेत. खेळ कसा चाले याचा उलगडा जर्मन संस्कृत पंडित हाइनरिश ल्यूडर्स यांनी १९०७ साली केला. ढिगातून फळं काढायची आणि ती चाराच्या हिशेबात मोजायची. काही उरलं नाही तर तो कृत, तीन उरली तर त्रेता, दोन उरली तर द्वापर, एक उरलं तर कली. म्हणजे ज्याची नजर क्षणात संख्या धरते, त्याच्या हातात डाव. झाडाची फळं मोजणं आणि जुगार जिंकणं ही ऋतुपर्णाच्या दृष्टीने दोन कामं नव्हतीच. संभाव्यतेच्या कल्पनेचा इतिहास लिहिणाऱ्या इयन हॅकिंग यांनी १९७५च्या आपल्या ग्रंथात याच प्रसंगाची दखल घेतली ती म्हणूनच: थोडं बघून पुष्कळाचा अंदाज बांधणं आणि जुगार यांची सांगड या कथेत आधीच बसलेली आहे.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. ज्या कथेत कली नलाच्या अंगात शिरतो, कर्कोटक नाग त्याला डसून कुरूप करतो आणि हंस निरोप नेतात, तिच्यातून विवेकाचा पुरावा काढायचा कसा? आक्षेप वजनदार आहे, पण तो कथेतल्या कामांची वाटणी पाहत नाही. अद्भुत जे काही आहे ते नलाचं नुकसान होण्याच्या आणि तो लपून राहण्याच्या बाजूला आहे. सुटका होते ती विद्येने. अक्षविद्या मिळताक्षणी कली त्याच्या शरीरातून बाहेर पडतो, असं कथा सांगते; आणि कली हेच हरणाऱ्या डावाचं नाव आहे हे लक्षात घेतलं की हा प्रसंग मंत्रतंत्राचा राहत नाही. मोजता येऊ लागलं, हार सुटली. पुढे नल ज्याच्याशी हरला होता त्या पुष्कराशी पुन्हा खेळून राज्य परत मिळवतो. पाच कोटी पानांचा आकडा अर्थातच कवीचा आहे. माझा भर आकड्यावर नाही, नलाने झाड पाडून मोजलं यावर आहे. राजाच्या शब्दावर पडताळा मागणारा सारथी ज्या कथाकाराला सुचला, त्याला दावा आणि पुरावा यांतला फरक चांगला कळत होता.

आता राजवाड्यातून अंगणात यायला हरकत नाही. चिंचोके, गजगे, कंचे जे हाताला लागेल ते घेऊन खेळायचा एकी-बेकी हा खेळ त्याच कुळातला, फक्त चाराऐवजी दोनाचा. एकाने चिंचोके दोन्ही हातांत खुळखुळवून काही मुठीत धरायचे, दुसऱ्याने एकी की बेकी ते सांगायचं, मग मूठ उघडून जोड्या लावायच्या. बरोबर आलं तर चिंचोके त्याचे, चुकलं तर त्याने भरायचे. डाव कोणावर हे ठरवायला मुलं चकतात तेही याच जातीचं: तिघांनी हात एकदम पुढे करायचे, कोणाचा उताणा, कोणाचा पालथा, आणि ज्याचा दोघांहून वेगळा तो सुटला. आपल्याकडे दगड-कागद-कात्री रुळण्याआधी तिचं काम हेच खेळ करत होते. एकी-बेकीवर तर मनकवडेपणाचा एक तयार प्रयोग आहे, आणि तो कोणालाही करता येतो. समोरच्याला एका मुठीत एकी आणि दुसरीत बेकी चिंचोके घ्यायला सांगा. उजव्या हातातल्यांची दुप्पट, डाव्यातल्यांची तिप्पट, दोन्हींची बेरीज. तेवढीच तुम्हाला सांगायची. उजव्यात चार आणि डाव्यात सात असतील तर आठ आणि एकवीस मिळून एकोणतीस. बेरीज विषम, म्हणजे एकी डाव्या हातात. दुप्पट कशाचीही केली तरी ती समच होते, तिप्पट मात्र मुळातली एकी-बेकी तशीच ठेवते. समोरचा चकित होतो, कारण त्याने आकडा सांगितलेला नसतो. त्याने काय सांगितलं हे त्यालाच कळलेलं नसतं.

दगड-कागद-कात्रीचं गोत्र चिनी आहे. मिंग काळातल्या शिए चाओच्र या लेखकाने हातांच्या अशा खेळाची नोंद करताना तो हान काळापर्यंत मागे नेला आहे. जपानात आधी बेडूक, साप आणि गोगलगाय असे तिघे एकमेकांवर मात करत, पुढे दगड-कागद-कात्रीचं जानकेन आलं, आणि विसाव्या शतकात हा खेळ जगभर गेला. याच खेळावरून दुसरा आक्षेप येतो, आणि तो गणिताचा आहे. १९२८ साली जॉन फॉन नॉयमन यांनी सिद्ध केलेल्या सिद्धान्ताचा इथला अर्थ असा, की कोणी तिन्ही हात कसलाही क्रम न ठेवता सारख्या प्रमाणात काढले तर त्याला हरवायची युक्तीच उरत नाही. मग विद्या कुठे राहिली? उत्तर असं की तसं खेळणं माणसाला जमत नाही. चीनमधल्या चच्यांग विद्यापीठात ३६० विद्यार्थ्यांना ३०० फेऱ्या खेळवल्या गेल्या. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दिसलं की जिंकलेला तोच हात पुन्हा काढण्याकडे झुकतो आणि हरलेला हात बदलतो. प्रत्येकाला वाटतं आपण मनाला येईल ते काढतोय, आणि मन ठरलेल्या वाटेने जात असतं. एडगर ॲलन पो यांच्या १८४४च्या एका कथेत गोट्यांची एकी-बेकी खेळणारा शाळकरी पोरगा सगळ्यांना लुटतो ते याच बळावर. समोरचा किती भोळा, किती हुशार, हे जोखून तो पुढची चाल ठरवतो. १९५३मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये क्लॉड शॅनन यांनी त्या पोराचं काम यंत्राकडे दिलं. आधी डेव्हिड हेगलबार्गर यांनी तसं एक यंत्र केलं होतं, शॅनन यांचं त्याहून साधं. जिंकल्यावर किंवा हरल्यावर समोरच्याने चाल बदलली की तीच ठेवली, एवढंच ते लक्षात ठेवी, आणि तेवढ्यावर माणसांशी खेळताना निम्म्याहून जास्त वेळा जिंके. शॅनन यांनी आपल्या टिपणाच्या नावात मन वाचणारं यंत्र हे शब्द घातले आणि त्यांत प्रश्नचिन्हही टाकलं. तो प्रामाणिकपणा मला त्या यंत्राइतकाच मोलाचा वाटतो. टोकियो विद्यापीठाच्या इशिकावा प्रयोगशाळेने २०१२मध्ये दाखवलेला यंत्रहात तर प्रत्येक वेळी जिंकतो. तो अंदाज करतच नाही, समोरची बोटं वळू लागताच एका मिलिसेकंदात ती ओळखून त्यावर मात करणारा आकार घेतो. ऋतुपर्णाची नजर याहून फार वेगळी नसावी.

मंचावरच्या पाकिटातही मोजणीच असते. दोन हातांच्या मिळून नऊच जोड्या होतात, तीन बरोबरीच्या, तीन इकडच्या, तीन तिकडच्या. म्हणजे निकाल तीनच. तिन्हींचे पुरावे तीन ठिकाणी तयार ठेवले, एक पाकिटात, एक खुर्चीखाली, एक कागदाच्या पाठीवर, की जो निकाल लागेल तोच पुरावा बाहेर काढायचा. उरलेल्या दोन्हींची प्रेक्षकांना कल्पनाही नसते. सगळे मेंटॅलिस्ट एवढ्यावरच भागवतात असं नाही, पण या कलेचा कणा म्हणजे फाटे आधी मोजून ठेवणं. यावर कोणी म्हणेल, मग ही फसवणूकच झाली, हिला विद्या कशाला म्हणायचं? फरक हातात नाही, दाव्यात आहे. तिकीट लावून करमणूक करणारा आणि त्याच हातोटीवर लोकांच्या दुखण्याखुपण्यांचा बाजार मांडणारा यांना एका दावणीला बांधता येत नाही. अमरावती जिल्ह्यातल्याच शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनातून झोडपलं ते या दुसऱ्याला. १९८२ साली नागपुरात सुरू झालेल्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव चमत्कार करून दाखवले, आणि मग ते कसे केले तेही सांगितलं. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदाही तथाकथित चमत्काराच्या जोरावर लोकांना फसवणं आणि पैसा उकळणं हा गुन्हा मानतो. जादूच्या प्रयोगाला तो आडवा येत नाही.

शेवटचा आक्षेप खुद्द व्यासांच्या बाजूने घेता येईल: अक्षविद्या राजाराजांतच फिरली, मग ती सगळ्यांनी शिकायची गोष्ट कशी? तिच्या पुढच्या प्रवासात उत्तर आहे. नलाची कथा युधिष्ठिराला वनात ऐकवली जाते, तीही तो स्वतः द्यूतात सर्वस्व हरलेला असताना. सांगणारे बृहदश्व ऋषी कथा संपवून नुसता धीर देऊन उठत नाहीत. स्वतः राजा नसूनही तीच अक्षविद्या ते युधिष्ठिराला शिकवतात. अज्ञातवासाचं वर्ष येतं तेव्हा तो विराटाच्या दरबारी कंक या नावाने राहतो, आणि तिथे त्याचं काम असतं राजाशी फासे खेळायचं.