आज्ञा व आज्ञापालन, उत्पत्तिकथेतील

बायबलच्या पहिल्या पुस्तकात (उत्पत्ति, हिब्रू नाव बेरेशीथ) सृष्टी घडवताना ईश्वराने दिलेल्या आज्ञा आणि त्यांचे पालन. ईश्वराचा शब्द आधी मानतात ते उजेड, पाणी आणि जमीन. माणसाची पाळी सहाव्या दिवशी येते. वंश वाढवा, ही त्याला दिलेली आज्ञा ज्यू परंपरा तोरातील (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांतील) ६१३ आज्ञांमध्ये पहिली धरते. मनाई दुसऱ्या अध्यायात, आणि तीही एकाच झाडाचे फळ खाण्याची. ती आदामाला झाली तेव्हा हव्वा घडलेलीच नव्हती. पुढे सर्पाशी बोलताना हव्वा ‘शिवायचेही नाही’ अशी पदरची भर घालते. रब्बींनी (ज्यू धर्मपंडितांनी) या जादा कुंपणावरच बोट ठेवले. ख्रिस्ती धर्मशास्त्राने मनाई मोडून फळ खाल्ल्याच्या प्रसंगावर मूळ पापाचा सिद्धांत उभारला. मराठीत आदाम-हव्वेची कथा ओवीबद्ध केली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी, ‘ख्रिस्तपुराणा’त (राशोल, १६१६).

कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाची ओळख मात्र त्या झाडापेक्षा सातव्या दिवसाने ठरली. खरे तर उत्पत्तीत त्या दिवसाबद्दल माणसाला आज्ञाच नाही; ईश्वर स्वतः थांबतो, एवढेच. पाळण्याची आज्ञा पुढे निर्गम पुस्तकात, सृष्टिकथेचा दाखला देऊन येते. कुलाबा (आता रायगड) जिल्ह्यातील गावांत तेल गाळणारे बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. शेजारचे सोमवार तेली शंकराच्या वारी थांबत. त्यामुळे आठवड्यातून एक दिवस घाणा थांबणे गावाला नवे नव्हते. वार तेवढा वेगळा. धंदा बुडवून पाळलेली ही आज्ञा ग्रंथापेक्षा आचारातून टिकली, असे म्हणायला हरकत नाही.

नोकरीधंद्यासाठी यांतली बरीच कुटुंबे मुंबई-ठाण्याकडे आली. ठाण्याचे ‘शाआर हाशामाइम’ सिनेगॉग १८७९चे. सिनेगॉगमध्ये सिम्हाथ तोराच्या सणाला तोराचे वाचन संपते आणि लगेच बेरेशीथपासून पुन्हा सुरू होते.

बेने इस्राएलांच्या घरी एलियाहू हन्नाबीच्या (संदेष्टा एलियाच्या) नावाने होणाऱ्या मलिदा या विधीत भिजवलेले गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे असतात. येथे फळ खायला मनाई नाही, पण आशीर्वाद म्हटल्याशिवाय तोंडात घालायचे नाही. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीच्या पिकाचा वेगळा. केळे या हिशेबात जमिनीकडे जाते.