थिन फिल्म संशोधन, कोल्हापूर

काच, स्टेनलेस स्टील अशा पृष्ठभागावर एखाद्या पदार्थाचा काही नॅनोमीटर ते काही मायक्रोमीटर जाडीचा थर चढवून त्याचे विद्युत, प्रकाशीय आणि रासायनिक गुण कामाला लावण्याचे शास्त्र. अशा थराला तनुपटल असेही म्हणतात. शिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १९६२) पदार्थविज्ञान अधिविभागात हे शास्त्र रुजले. एस. एच. पवार, सी. डी. लोखंडे, सी. एच. भोसले, पी. एस. पाटील, के. वाय. राजपुरे ही त्यातली ठळक नावे. पवार आणि लोखंडे पुढे कसबा बावड्याच्या डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात गेले आणि काम तिकडेही वाढले.

या परंपरेचे खरे बळ तिच्या पद्धतींत आहे. निर्वात यंत्रांवर थर चढवणे महागडे. इथे भर राहिला तो बीकर, गरम पाणी आणि द्रावणांवर. कॅडमियम सल्फाइडचा थर पाहावा. कॅडमियमच्या क्षारात अमोनिया घालतात, म्हणजे धातूचे आयन बांधले जाऊन हळूहळू सुटतात. थायोयुरिया सल्फाइड पुरवते. स्वच्छ धुतलेली काचपट्टी त्यात उभी ठेवून द्रावण तापवले की ते पिवळे होत जाते आणि काचेवरही पिवळा थर धरतो. घाई झाली तर सगळा पदार्थ तळाशी साका होऊन बसतो, म्हणून वेग आवरणे हेच यातले कौशल्य.

संशोधक निकोलाऊ यांनी १९८५मध्ये मांडलेल्या ‘सिलार’ पद्धतीत पट्टी आळीपाळीने बुडवतात: धन आयनांचे द्रावण, शुद्ध पाणी, ऋण आयनांचे द्रावण, पुन्हा पाणी. दर फेरीला थर किंचित जाड होतो, त्यामुळे फेऱ्या मोजून जाडी राखता येते. पठाण आणि लोखंडे यांचा या पद्धतीवरचा आढावालेख २००४मध्ये ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’मध्ये आला. पी. एस. पाटील यांचा भर मुख्यतः फवारणीवर: द्रावणाचा बारीक फवारा तापल्या काचेवर पडतो आणि तिथेच त्याचे ऑक्साइड होते. विजेने निळा होणारा टंगस्टन ऑक्साइडचा थर असाही करता येतो.

या थरांचा एक उपयोग, वायुसंवेदक. झिंक ऑक्साइडच्या तापलेल्या थरावर हवेतला ऑक्सिजन बसतो आणि इलेक्ट्रॉन अडवून धरतो. स्वयंपाकाचा गॅस आला की तो ऑक्सिजन खर्ची पडतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि थराचा विद्युतरोध उतरतो. नायट्रोजन डायऑक्साइड आला तर उलट रोध चढतो.

दुसरा उपयोग, ऊर्जासाठवण. बॅटरीपेक्षा सुपरकपॅसिटरमध्ये ऊर्जा कमी मावते, पण ती झटकन भरते आणि झटकन सुटते. रुथेनियम ऑक्साइड यासाठी उत्तम, मात्र फार महाग. म्हणून मँगनीज ऑक्साइडसारख्या स्वस्त पदार्थांकडे वळणे हा निर्णय मला या संशोधनातला सर्वांत मोलाचा वाटतो. पदार्थ थेट स्टीलच्या पट्टीवर वाढवला की वेगळा चिकटद्रव लागत नाही. सुपरकपॅसिटरमध्ये वापरलेल्या पाण्यातल्या द्रावणांना मात्र एक बंधन आहे: सुमारे १.२३ व्होल्टला पाण्याचेच विघटन होऊ शकते. शिवाय थर जाड केला तर आयन खोलवर पोचत नाहीत आणि वाळताना तो तडकून सुटतो. म्हणून थर पट्टीला घट्ट धरला आहे का, हे पाहायला त्यावर चिकटपट्टी दाबून ओढतात. पापुद्रा तिच्याबरोबर उचलला गेला, तर पुन्हा पट्टी घासण्यापासून सुरुवात.