समभागाची किंमत दिल्लीत ठरत असे तेव्हा

१/ मुंबईच्या शेअर बाजाराची संस्था १८७५ सालची. तरीही स्वातंत्र्यानंतर साडेचार दशके जनतेकडून मोठे भांडवल उभारू पाहणाऱ्या मुंबईतील कंपनीचा अर्ज आधी दिल्लीला जात असे. तेथे अर्थ मंत्रालयात ‘कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज’, म्हणजे भांडवल निर्गम नियंत्रक, हा अधिकारी बसे. भांडवल किती उभारायचे आणि समभाग कोणत्या किमतीला विकायचा, यावर अखेरचा शब्द त्याचा होता.

२/ या पदाचे मूळ युद्धात आहे. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, मे १९४३ मध्ये, ब्रिटिश सरकारने भारत संरक्षण नियमांत ९४-अ हा नियम घातला. लोकांची बचत युद्धकार्याकडे वळावी, अन्य उद्योगांत विखुरली जाऊ नये, हा त्यामागील हेतू. सरकारी संमतीवाचून भांडवल उभारणे त्यामुळे बेकायदा ठरले.

३/ युद्ध संपले, नियंत्रण राहिले. १९४७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला, तोही मुदतीचा. मुदत वाढत गेली आणि १९५६ मध्ये कायदा कायमचा झाला. पंचवार्षिक योजनांच्या त्या काळात दुर्मिळ भांडवल कोणत्या उद्योगाला मिळावे हे शासनाने ठरवणे स्वाभाविक मानले जाई. युद्धासाठी घडवलेले हत्यार अशा रीतीने नियोजनाच्या कामी आले.

४/ अधिकारांची व्याप्ती मोठी होती. नवे समभाग, कर्जरोखे, इतकेच काय, जुन्या भागधारकांना विनामूल्य द्यायचे बक्षीस समभागही संमतीच्या कक्षेत येत. पैसा कशासाठी हवा, प्रकल्पाचा खर्च किती, कर्जाचे भांडवलाशी प्रमाण काय, हे सारे तपासले जाई. संमती मिळाली तरी ती अटींसह मिळे.

५/ सर्वांत निर्णायक अधिकार किमतीचा. नव्या कंपनीने समभाग दर्शनी मूल्यालाच विकायचा. जुन्या कंपनीसाठी सूत्र होते. समजा, पुस्तकी हिशेबाने एका समभागामागे मालमत्ता १६ रुपयांची आणि सरासरी नफा ३ रुपयांचा आहे. उत्पादक कंपनीसाठी १५ टक्के दर धरला, तर नफ्यावरून मूल्य २० रुपये येते. दोहोंची सरासरी १८ रुपये. हिशेब मुख्यतः भूतकाळाचा. उद्याच्या अपेक्षांना त्यात फारसे स्थान नव्हते.

६/ या सूत्राचा परिणाम १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानंतर ठळकपणे दिसला. अनेक विदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणावा लागला. कोलगेट-पामोलिव्हसारख्या नामांकित कंपन्यांचे समभाग बाजारात मिळाले असते त्याहून कितीतरी स्वस्तात भारतीयांच्या हाती आले. मध्यमवर्गीय घरांत समभाग पोहोचले ते बऱ्याच अंशी या मार्गाने.

७/ पण स्वस्ताईलाही किंमत असते. मागणी उपलब्ध समभागांच्या अनेक पट होई आणि वाटप नशिबावर येई. घरातील प्रत्येकाच्या नावे अर्ज भरले जात. बेनामी अर्जांचेही पेव फुटले. ज्यांना समभाग मिळाले त्यांचा लाभ झाला. कंपनीच्या तिजोरीत मात्र तेवढ्याच समभागांपोटी कमी पैसा आला.

८/ आता या व्यवस्थेतील सर्वांत बोलकी गोष्ट. प्रत्येक माहितीपत्रकात एक ठरावीक मजकूर छापणे बंधनकारक होते: सरकारने संमती दिली असली, तरी योजनेच्या आर्थिक भक्कमपणाची वा माहितीपत्रकातील विधानांच्या अचूकतेची जबाबदारी सरकारवर नाही. किंमत ठरवणारे शासन हमी मात्र देत नव्हते. बारीक अक्षरांतील ते वाक्य वाचतो कोण? सामान्य गुंतवणूकदाराला दिसे ती संमती, आणि तिलाच तो हमी समजे.

९/ १९९१ च्या आर्थिक संकटानंतर नरसिंहम समितीने पूर्वसंमतीची ही पद्धत मोडीत काढण्याची शिफारस केली. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘सेबी’ला १९९२ च्या आरंभी वैधानिक अधिकार मिळाले आणि २९ मे १९९२ रोजी नियंत्रकाचे पद इतिहासजमा झाले. देशाचे लक्ष तेव्हा हर्षद मेहता प्रकरणाकडे लागले होते. एका कचेरीचा अंत फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही.

१०/ नव्या व्यवस्थेचे तत्त्व वेगळे होते: कंपनीने सारी माहिती उघड करावी, योग्य-अयोग्य गुंतवणूकदाराने पारखावे. पहिला धडा कटू ठरला. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत हजारो कंपन्या बाजारात उतरल्या आणि त्यांतील काही लोकांचा पैसा घेऊन अक्षरशः बेपत्ता झाल्या. त्यानंतर ‘सेबी’चे नियम क्रमाक्रमाने कडक होत गेले.

११/ अर्ज आता मुंबईतच, ‘सेबी’च्या मुख्यालयात जातो. समभागाची किंमत शासन ठरवत नाही. पण आजचे कोणतेही माहितीपत्रक उघडून पाहावे: दस्तऐवज ‘सेबी’कडे सादर झाला म्हणजे ‘सेबी’ने त्याला मान्यता दिली असे समजू नये, अशी सूचना तेथे आढळते. कायदा बदलला, कचेरी बदलली, शहरही बदलले. तो इशारा मात्र टिकून आहे. तो वाचण्याचे काम तेव्हाही गुंतवणूकदाराचे होते, आजही त्याचेच आहे.

(समाप्त)