पूर्वप्राथमिक शिक्षणावरील शासकीय खर्च : भारत व फ्रान्स

तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांच्या शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून होणारा खर्च. भारतात तो मुख्यतः एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या अंगणवाड्यांमार्फत, तर फ्रान्समध्ये ‘एकोल मातेर्नेल’ या सरकारी बालशाळांमार्फत होतो. रकमांतील तफावत मोठी आहे. मात्र खर्चाच्या स्वरूपातील फरक त्याहून महत्त्वाचा आहे. फ्रान्समध्ये हा खर्च शिक्षण खाते व नगरपालिका यांचे कायमचे दायित्व आहे. भारतात ती एका योजनेची दरसाल ठरणारी तरतूद आहे.

पार्श्वभूमी : ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर मुलांच्या दाराशी वर्ग भरू लागले. कमी खर्चात, परिसरातील साधनांनी बालशिक्षण देता येते हे या कार्याने सिद्ध केले. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील धारणी (मेळघाट) व धारावी (मुंबई) होते. फ्रान्समध्ये १८८१ पासून सरकारी बालशाळा मोफत आहेत.

कायदेशीर आधार : ८६व्या घटनादुरुस्तीने (२००२) सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. सहा वर्षांखालील मुले अनुच्छेद ४५ मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत राहिली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे ११वे कलमही शासनाला पूर्वप्राथमिक सोय करण्याची मुभा देते. सक्ती करत नाही. फ्रान्सने २०१९ पासून तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण सक्तीचे केले.

खर्चाचे प्रमाण : फ्रान्स सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ०.७ टक्के रक्कम पूर्वप्राथमिक शिक्षणावर खर्च करतो. भारताच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ साठी (यात आता अंगणवाड्यांची योजना येते) २१,९६० कोटी रुपयांची तरतूद होती; हे प्रमाण सुमारे ०.०६ टक्के होते. राज्यांचा हिस्सा यात धरलेला नाही.

मानधन व वेतन : दोन्ही व्यवस्थांतील अंतर येथे सर्वांत स्पष्ट दिसते. फ्रान्समध्ये बालशाळेतील व प्राथमिक शाळेतील शिक्षक एकाच संवर्गातील शासकीय अधिकारी असून त्यांचे वेतन राष्ट्रीय सरकार देते. वर्गातील मदतनीस नगरपालिकेच्या नोकरीत असते. भारतात अंगणवाडी सेविका ‘मानसेवी’ मानली जाते. केंद्राच्या हिशेबातील मानधन ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेला दरमहा ४,५०० रुपये व मदतनिसाला २,२५० रुपये असे ठरले. त्यावर राज्ये आपापली भर घालतात. अंगणवाडी सेविकेचे पद नागरी सेवेतील पद नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवले. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने सेविका व मदतनिसांचा उपदानाचा (ग्रॅच्युइटी) हक्क मान्य केला. महाराष्ट्रातील सेविकांनी मानधनवाढ व ग्रॅच्युइटीसाठी ४ डिसेंबर २०२३ पासून दीर्घ संप केला. वजने, लसीकरण, आहारवाटप, मोबाइलवरील नोंदी व गृहभेटी सांभाळून शिकवणाऱ्या या स्त्रिया पूर्ण शिक्षक आहेत. खर्चाच्या कोणत्याही तुलनेत त्यांची गणना तशीच व्हायला हवी.

आहार : भारतात २०१७ पासून अंगणवाडीतील पूरक आहाराचा दर बालकामागे दररोज ८ रुपये, तीव्र कुपोषित बालकासाठी १२ रुपये. फ्रान्समध्ये शाळेतील जेवणाचे शुल्क पालक भरतात. नगरपालिका त्याला अनुदान देतात.

मीरा-भाईंदर : २००२ पासून महानगरपालिका असलेले महाराष्ट्रातील हे शहर जागेच्या प्रश्नाचे उदाहरण आहे. योजनेच्या निकषानुसार ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी अपेक्षित आहे. भाईंदर पूर्वेतील केबिन रोडसारख्या दाट वस्तीत मोजक्या इमारतींतच एवढी लोकसंख्या भरते. शहरी अंगणवाडी बहुधा भाड्याच्या खोलीत भरते. फ्रान्समध्ये बालशाळेची इमारत बांधणे व राखणे हे नगरपालिकेचे कायदेशीर कर्तव्य आहे.

खासगी बालवर्ग : पालकांनी भरलेली फी शासकीय खर्चात येत नाही.

तुलनेच्या मर्यादा : भारतीय तरतुदीत गरोदर व स्तनदा माता, तसेच तीन वर्षांखालील बालके यांचा आहारही येतो, फ्रेंच आकड्यात केवळ शाळा येते, पाळणाघरे वेगळी. त्यामुळे भारतात केवळ शिक्षणावर होणारा केंद्राचा खर्च वरील प्रमाणाहूनही कमी ठरतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आहे. सहा वर्षांखालील शिक्षण हक्क म्हणून मान्य झाले, तरच त्याच्या खर्चाला शाश्वती येईल.