सायलेन्सरचं ओझं

फटफटीचा सायलेन्सर आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतो. तो फुटला की अख्खी आळी जागी होते. बंदुकीचा सायलेन्सर मात्र आपण पाहिलेला असतो तो सिनेमात. खलनायक पिस्तुलाच्या तोंडाशी काळी नळकांडी फिरवून बसवतो, 'फुस्स' असा आवाज होतो आणि माणूस कोसळतो. हे दोन सायलेन्सर जवळचे नातेवाईक आहेत. बंदुकीचा सायलेन्सर ज्याने पहिल्यांदा यशस्वीपणे बाजारात आणला, त्यानेच मोटारींचा आणि यंत्रांचा गोंगाट दाबण्याचं कामही केलं. त्याचं नाव हिरम पर्सी मॅक्झिम.

मॅक्झिम हे आडनाव इतिहासात आधी वेगळ्याच कारणाने गाजलं. पर्सीचे वडील, हिरम स्टीव्हन्स मॅक्झिम, हे १८४० साली अमेरिकेतल्या मेन राज्यात जन्मले. पुढे ते लंडनला गेले आणि १८८४च्या सुमारास त्यांनी आपोआप गोळ्या भरणारी आणि झाडणारी मशीनगन तयार केली. आफ्रिकेतल्या किती माणसांनी या बंदुकीपुढे प्राण सोडले, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. इंग्रज सरकारने १९०१ साली त्यांना 'सर' केलं. पण या बंदुकीने खुद्द बापाकडूनही किंमत वसूल केली. वर्षानुवर्षं बारांच्या धडाक्यात उभं राहून त्यांचे कान गेले. म्हातारपणी त्यांना जवळजवळ ऐकूच येत नसे.

मुलगा १८६९चा. बाप युरोपात गेला तेव्हा तो शाळकरी होता, आणि पुढे बापलेकांची भेट क्वचितच झाली. या मुलाने बंदुकीचा आवाज खाणारं यंत्र शोधून काढावं, हा योगायोग मला विलक्षण वाटतो. बापाच्या बहिरेपणामुळे त्याने ते केलं, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याची स्वतःची हकिगत साधी आहे. न्हाणीच्या टबातलं पाणी भोवरा करत, आवाज न करता मोरीत उतरताना त्याने पाहिलं आणि त्याच्या मनात आलं, की बंदुकीतला वायूही असाच फिरवत फिरवत बाहेर सोडला तर? ३० मार्च १९०९ रोजी त्याला पेटंट मिळालं. काही डॉलरांना मिळणारी ही वस्तू टपालाने घरपोच येई. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या विंचेस्टर रायफलीवरही मॅक्झिमचा सायलेन्सर होता.

सिनेमातलं 'फुस्स' मात्र खोटं आहे. रायफलीचा आवाज दोन ठिकाणांहून येतो. एक, नळीच्या तोंडातून एकदम सुटणारा तप्त वायू. दुसरा, खुद्द गोळीचा. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, आणि शिकारी रायफलीची गोळी सुटते ८०० ते ९०० मीटरने. म्हणजे ती आवाजाला मागे टाकून धावते आणि वाटभर चाबूक ओढल्यासारखा कडाका उठवते. त्याला सायलेन्सर काही करू शकत नाही. तो फक्त वायूला आपल्या कप्प्याकप्प्यांत अडवतो, थंड होऊ देतो, हळू सोडतो. साध्या रायफलीचा बार १६० डेसिबलच्या आसपास किंवा वर जातो. १४०च्या पुढे एकच आवाज कानाला कायमची इजा करू शकतो. सायलेन्सर त्यातले वीस-तीस डेसिबल कमी करतो. एवढ्याने बार गुपचूप होत नाही, पण कान वाचण्याची शक्यता मोठी वाढते.

कान जाणं म्हणजे काय, हे जिम कॉर्बेटच्या वाचकांना सांगायला नको. १९२९ साली तराईतल्या एका शिकारीत कुणाची तरी जड रायफल त्याच्या कानापाशी अवचित उडाली आणि कानाचा पडदा फाटला. पुढे आत पू झाला, चेहरा सुजला, डोळा मिटला. त्याच अवस्थेत तो तल्ला देशच्या नरभक्षक वाघिणीच्या मागे कुमाऊंच्या डोंगरात हिंडला. रात्री झाडावर बसलेला असताना गळू फुटलं, तेव्हा कुठे त्याला आराम पडला.

मग सरळ प्रत्येक शिकाऱ्याने सायलेन्सर लावावा, एवढं सोपं का नव्हतं? इथे वजनाचा प्रश्न येतो. मी बंदूक चालवणारा माणूस नाही, पण तांब्याचा हिशेब मला कळतो. पाण्याचा तांब्या हातात धरा. काही वाटत नाही. तोच लांब काठीच्या टोकाला अडकवून काठी आडवी धरा. मनगट कुरकुरू लागतं. जुन्या धाटणीच्या शिकारी रायफलीची नळी २४ इंचांची. तिच्या तोंडाशी अर्ध्या किलोचं, सात-आठ इंच लांब पोलादी नळकांडं बसवलं की सगळा भार पुढे जातो. उभ्या जनावरावर नेम स्थिर राहतो, धक्काही कमी बसतो. पण पळत्या जनावरामागे तोंड फिरवायचं तर ती वळता वळत नाही. झाडीत अडकते ती वेगळीच. शिवाय नळी बार होताना कंप पावते. टोकाला टांगलेल्या वजनाने तो कंप बदलतो आणि गोळी लागायची जागाही सरकते. म्हणून सायलेन्सर चढवल्यावर नेम पुन्हा जुळवावा लागतो.

यावर सुचणारा उपाय म्हणजे नळी कापणं. चोवीसची अठरा करा, लांबी जागेवर येते. पण नळी काय उगाच लांब ठेवलेली नसते. दारू जळून झालेला वायू जितका वेळ गोळीला मागून रेटतो, तितका तिचा वेग वाढतो. सहा इंच कापले की मध्यम शिकारी काडतुसाची गोळी सेकंदाला चाळीस-पन्नास मीटरने मंदावते. एवढं चालून जातं. खरी गोम पुढेच आहे. नळी आखूड झाली की वायू जास्त दाबाने बाहेर पडतो, म्हणजे आवाज वाढतो. ज्याच्यासाठी जागा करायला नळी कापली, त्याच्याच डोक्यावर जास्त काम पडतं! गझल लिहिणाऱ्याला ही अडचण ओळखीची आहे: एका शब्दाला जागा करायला दुसरा काढावा, तर अर्थच लंगडा होतो.

युरोपातल्या उत्तरेकडच्या शिकाऱ्यांनी यातून वाट काढली. फिनलंड आणि नॉर्वेत सायलेन्सर ही गुन्हेगाराची वस्तू मानली जात नाही. कान राखण्याचं आणि शेजाऱ्याची झोप न मोडण्याचं ते साधन आहे. तिथल्या, विशेषतः फिनलंडच्या, कारागिरांनी सायलेन्सरचा मागचा भाग नळीवरच मागे सरकवला, बाहीसारखा. अर्धाअधिक भाग नळीभोवती, थोडाच पुढे. वायूला फैलावायला जागा तेवढीच, पण भार हाताजवळ आला. पुढे पोलादाच्या जागी टायटॅनियम आलं आणि वजन तीनशे ग्रॅमांच्या घरात उतरलं. अठरा-वीस इंची नळी आणि हलका सायलेन्सर ही जोडी आता पुष्कळांनी पत्करली आहे.

अमेरिकेत, म्हणजे सायलेन्सरच्या माहेरी, गोष्ट निराळी झाली. टोळीयुद्धांच्या काळानंतर १९३४ साली तिथे कायदा आला. मशीनगनबरोबर सायलेन्सरही त्यात गोवला गेला आणि त्यावर २०० डॉलर कर बसला. त्या मंदीच्या दिवसांत कामगाराला एवढे पैसे जमवायला दोन-अडीच महिने राबावं लागे. याच कायद्याने नळीवरही इंचपट्टी लावली: रायफलीची नळी १८ इंचांहून आखूड असेल तर तोच कर, तीच नोंदणी. १९६० साली ही मर्यादा १६ इंचांवर आली. म्हणजे अमेरिकन शिकाऱ्याने कान वाचवायचा म्हटला तरी दंड, आणि वजन सावरायला नळी फार कापली तरी दंड. भीती चोरट्या शिकारीची आणि खुनाची होती, ती अगदीच निराधार होती असं नाही. पण कानाचा विचार त्या कायद्यात कुठे दिसत नाही.

मॅक्झिम तोवर या धंद्यातून मन काढून बसला होता. त्याची कंपनी इंजिनं आणि कारखान्यांचा आवाज दाबण्याकडे वळली होती. रेडिओवर बोलताना त्याची आणखी एक ओळख सांगायलाच हवी. हार्टफर्डहून जेमतेम चाळीसेक किलोमीटरवरच्या स्प्रिंगफील्डला त्याचा बिनतारी संदेश पोचेना, तेव्हा मधल्या गावातल्या एका हौशी माणसाने तो पुढे पाठवला. त्यातून १९१४ साली त्याने हौशी रेडिओवाल्यांची संघटना उभी केली, अमेरिकन रेडिओ रिले लीग. ती आजही आहे. १९३६ साली तो वारला.

त्या जुन्या कायद्यातला २०० डॉलरांचा कर सायलेन्सर आणि आखूड रायफल या दोन्हींवर नव्वदएक वर्षं तसाच राहिला. जुलै २०२५मध्ये झालेल्या कायद्याने तो १ जानेवारी २०२६पासून शून्यावर आणला. नोंदणी त्या कायद्याने उठवली नाही. आता तिकडे आणखी आखूड नळ्यांच्या शिकारी रायफली निघाल्या तर नवल नाही. त्या हातात हलक्या वाटतील, गाडीत मावतील. मात्र एखाद्या दिवशी सायलेन्सर घरी राहिला आणि तशीच रायफल चालवली, तर तिचा बार आजोबांच्या चोवीस इंची रायफलीपेक्षा मोठा होईल, आणि तो शिकाऱ्याच्या कानाच्या सहा इंचांहूनही अधिक जवळ होईल.